कोन्झा प्रेअरी: आगीवर जगणारं माळरान

सप्टेंबरच्या अखेरीस कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये जाऊन आलो. कॅन्सस सिटीहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला साधारण दोन तास, मग ३०७ क्रमांकाच्या एक्झिटला मॅकडॉवेल क्रीक रोड धरायचा. गाडी हवीच. शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा, पार्किंग लहान आहे.

कोन्झा प्रेअरी हे ३,४८७ हेक्टरांचं संशोधन केंद्र. चालवतो कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा जीवशास्त्र विभाग. अमेरिकेत दीर्घकालीन पर्यावरण संशोधनासाठी १९८० मध्ये जी पहिली सहा ठिकाणं निवडली, त्यांतलं हे एक. उत्तर अमेरिकेतलं उंच गवताचं माळरान आज चार टक्केही उरलेलं नाही, बाकी सगळं नांगराखाली गेलं. इथे मातीच्या पातळ थराखाली चुनखडी आणि चकमकीचा दगड आहे, म्हणून हे डोंगर वाचले.

जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर नुसतं गवत बघून परत याल. लॉइड हल्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कल्पनेनुसार ही जमीन पाणलोटांत वाटली आहे, आणि प्रत्येक पाणलोट ठरावीक वर्षांनी मुद्दाम जाळतात: काही दरवर्षी, काही दोन किंवा चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी. नकाशावर १डी, ४बी, २०बी अशी नावं दिसतील. त्यातला आकडा जाळण्याच्या अंतराचा. आकड्याच्या आधी ‘एन’ असेल तर तिथे बायसन (गव्यासारखे दिसणारे अमेरिकेतले रानटी, केसाळ प्राणी) चरतात.

हे कळल्यावर टेकडीवरून दिसणारा देखावाच बदलतो. माती तीच, पाऊस तोच (वर्षाला साधारण ८३५ मिलिमीटर), पण एका बाजूला स्वच्छ गवत आणि कुंपणापलीकडे डॉगवूड, सुमाक ही झुडपं आणि सीडरची झाडं यांची दाटी. गवताचे अंकुर जमिनीखाली सुरक्षित असतात, आग गेली की ते फुटतात. सीडरला मात्र आग झेपत नाही. झुडपं तर एकदा दाट झाली की त्यांच्या सावलीत गवतच उरत नाही, आणि गवत नाही म्हणजे आगीला जळण नाही. इथल्या नोंदींतून दिसलं की तीन-चार वर्षांनी एकदा जाळणंही पुरत नाही, झुडपं जिंकतात. हे कळायला काही दशकं लागली. तीन वर्षांच्या प्रकल्पात कुणालाच कळलं नसतं.

बायसन १९८७ मध्ये परत आणले. ते मुख्यतः गवत खातात आणि फुलझाडं बरीचशी सोडतात, त्यामुळे बिग ब्लूस्टेमसारख्या वरचढ गवताखाली दबलेल्यांना ऊन मिळतं. २०२२ मध्ये २९ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: बायसन असलेल्या भागात स्थानिक वनस्पतींच्या जाती जवळजवळ दुप्पट झाल्या, गुरं चारलेल्या भागात वाढ बरीच कमी. कडक दुष्काळानंतरही बायसनच्या भागातली विविधता टिकून राहिली.

आपल्याकडे सुपे, नान्नजच्या माळांना अजूनही ‘पडीक’ म्हणतात आणि हौसेने झाडं लावतात. ज्यांना ते माळ जपायचेत, त्यांनी ही जागा जरूर बघावी. मात्र आगीचा नियम तसाच उचलून आणू नये, आपलं गवत आणि आपला पाऊस वेगळा आहे.

सर्वांसाठी खुल्या वाटा तीन आहेत: साधारण ४, ७ आणि १० किलोमीटरच्या. वेळ असेल तर मोठी गॉडविन हिलची घ्या, किंग्ज क्रीकच्या झाडीतून वर उघड्या माथ्यावर नेते. वर सावली अजिबात नाही. पाणी भरपूर न्या. उन्हाळ्यात गोचिडी आणि चिगर (चावणारे बारीक किडे) फार, त्यामुळे पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर अंग नीट तपासा. कुत्रे आणि सायकल चालत नाही. वाट सोडू नका: गवतात दिसणाऱ्या खुंट्या आणि झेंड्या म्हणजे कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या मोजमापाच्या जागा आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये जाळण्याच्या दिवशी वाटा बंद असू शकतात, आदल्या दिवशी चौकशी करा. फुलांसाठी मे-जून बरा. गवताची खरी उंची आणि तांबूस रंग सप्टेंबरातच. ओढ्याकाठी बिग ब्लूस्टेम डोक्याच्या वर जातं.

बायसनचं कुंपण पर्यटकांना बंद आहे, नशीब असेल तर लांबून दिसतात. त्यांच्या कुरणातून चालायचं असेल तर दक्षिणेला स्ट्राँग सिटीजवळच्या टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात जा. तिथे २००९ पासून कळप आहे. त्यांच्यापासून शंभर मीटर तरी लांब राहा, आणि कळप वाटेवर बसला असेल तर मुकाट्याने मागे फिरा.