माझा अनुभव : प्रवेश झाला, मदत अडकली

लेकीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश कसा मिळाला ते लिहीत नाही, तिचं तिने केलं. विद्यापीठ नीड-ब्लाइंड, म्हणजे प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत. फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज), सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीचा अर्ज), आयडॉक (त्याचे कागद पाठवायची सोय), सगळं वेळेत गेलं. पण आर्थिक मदत ठरवणारं ऑफिस वेगळं, आणि तिथे ऐपतच बघतात, तीही शिळी. 2025-26 च्या फॅफ्साला 2023 चं टॅक्स रिटर्न लागतं. 2023 मध्ये नवऱ्याला पूर्ण पगार होता, ऑक्टोबर 2024 मध्ये नोकरी गेली. मदतीचं पत्र आलं ते त्या गेलेल्या पगारावर!

अपील केलं. ले-ऑफचं पत्र, बेकारी भत्त्याचा कागद, यंदाच्या अंदाजे उत्पन्नाचा फॉर्म. पोर्टलवर सगळ्यांपुढे हिरवी खूण, एकापुढे लाल : शेवटची पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती. आता कंपनीने काढलं त्याच दिवशी पेरोलचं लॉगिन बंद झालेलं, स्टब आणायची कुठून? फोन केला की म्हणायचे, पोर्टल बघा. पोर्टल म्हणायचं, इनकम्प्लीट. दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून रामायण. एकीने डब्ल्यू-2 (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला) चालेल म्हणून सांगितलं, दुसऱ्याने तोच परत केला. इकडे प्रवेश पक्का करायच्या डिपॉझिटची 1 मे डोक्यावर. शेवटी जुन्या कंपनीच्या एचआरमधल्या एका भल्या बाईंनी पीडीएफ पाठवली. लाल खूण गेली, तर सेव्हरन्सची, म्हणजे नोकरीवरून काढताना कंपनीने दिलेली, रक्कम नियमित उत्पन्नात धरलेली! ती एकदाच मिळते, हे वेगळ्या पत्रात लिहून दिलं. डोकं नुसतं भणभणत होतं.

तेव्हा नोकरी जाण्याची कुणकुण लागताच आधी पे-स्टब उतरवून ठेवा. फोनवर बोलणं झालं तरी लगेच ईमेल टाका, लेखी राहतं. डिपॉझिटची मुदत वाढवून मागा, आम्हाला मिळाली. ‘गरज शंभर टक्के भागवू’ या वाक्यावर भाळू नका, गरज किती ते तेच ठरवतात. दुसरीकडून जास्त मदतीचं पत्र असेल तर अपिलाला जोडा. आणि हो, हे आधीच सांगायचं होतं : सीएसएसला पहिल्या कॉलेजचे 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे 16, पण अमेरिकेतल्या कुटुंबाचं उत्पन्न 1,00,000 डॉलरपर्यंत असेल तर माफ.

सुधारित पत्रात ग्रँट (परत न करायची मदत) बरीच वाढली, वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळवायचे पैसे) तेवढीच राहिली. फॉर्म मात्र दर वर्षी भरायचे. पुढच्या खेपेला 2024 चं रिटर्न, म्हणजे नऊ-दहा महिन्यांचा पगार आणि वर तो सेव्हरन्स. अपिलाची फाइल मी कपाटात टाकलेली नाही.