जुनी जीटीओ विकताना

शनिवार, डेट्रॉईटजवळ

आजचा सगळा दिवस गॅरेजमधल्या 1968 च्या पाँटियाक जीटीओची तपासणी करण्यात गेला. आम्ही घर बदलतो आहोत, नव्या घरी एकाच गाडीपुरती जागा आहे, आणि जिचे काम करायला आता माझी पाठ साथ देत नाही, ती गाडी ताडपत्रीखाली आणखी काही वर्षे गंजत ठेवणे मला पटत नाही. विकायची तर आहे तशी, सगळे उघड करून विकायची, एवढे पक्के केले आहे.

आधी पत्रा पाहिला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्या इंजिनाआधी गंजानेच संपतात. या गाडीची दुखरी जागा मागच्या काचेपाशी आहे. काचेच्या खालच्या खोबणीत पाणी साचते, खोबण सडते आणि मग झिरपणारे पाणी थेट डिकीत उतरते. डिकीतली चटई उचलून स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले, तर पत्र्याचे पापुद्रे सुटले आणि खालची गॅरेजची फरशी दिसू लागली. मागच्या बाजूच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवला. वर तो घट्ट धरतो, चाकाच्या कमानीपाशी मात्र निसटतो, म्हणजे पूर्वी कोणीतरी पत्रा न बदलता लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला आहे. तिथे खडूने वर्तुळ काढले आणि वर्तुळासकट फोटो घेतला. चेसिस ठोकून पाहिली, ती शाबूत आहे.

इंजिनापाशी मन जरा रमले. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरचा तेलकट थर तारेच्या ब्रशने खरवडल्यावर ‘डब्ल्यू टी’ ही अक्षरे हळूहळू वर आली. ही खूण 400 घन इंचांच्या, 350 अश्वशक्तीच्या, हाताने गिअर टाकायच्या इंजिनाची. ब्लॉकवरचा क्रमांकही डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळतो आणि डॅशबोर्डवरचा क्रमांक 242 ने सुरू होतो. हे महत्त्वाचे, कारण पाँटियाकच्याच साध्या ले मान्स गाडीला जीटीओची चिन्हे लावून विकणारे कमी नाहीत, आणि ले मान्सचा क्रमांक 237 ने सुरू होतो. जुन्या पाँटियाक गाड्यांच्या नोंदी पुरवणाऱ्या पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मागवलेली मूळ बिलाची प्रत यासोबत ठेवली, की गाडी खरी असल्याबद्दल शंका उरत नाही.

मैलांच्या आकड्यावर मात्र मी काहीच दावा करणार नाही. मीटर पाच अंकी आहे, 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो.

मंडळातल्या एका मित्राने सुचवले, ‘रंगाचा एक हात मारून घ्या, भाव चढेल.’ त्याचा हेतू चांगला आहे, पण मला हे मान्य नाही. रिस्टोरेशन करणारा, म्हणजे गाडी मूळ रूपात आणणारा माणूस तो रंग पहिल्याच आठवड्यात खरवडून काढणार आणि खालचा गंज पाहून माझ्या बाकीच्या शब्दांवरचा त्याचा विश्वासही जाणार. शिवाय दारांच्या कडांना कारखान्यातला मूळ रंग अजून टिकून आहे. तो झाकला, तर पुढच्या माणसाने छटा जुळवायची कशाशी? पुढचा बंपरही मी तसाच ठेवला आहे. रबरासारख्या लवचीक एंड्युराचा, गाडीच्याच रंगात रंगवलेला हा बंपर 1968 साली नवलाचा होता. उत्पादन अभियंता म्हणून मला तो आजही सुंदर वाटतो. त्याला भेगा पडल्या आहेत, त्यांचेही जवळून फोटो घेतले.

काल दोन फोन आले होते. पहिल्याने जास्त पैसे देऊ केले, पण त्याला इंजिन आणि गिअरबॉक्स काढून बाकीचे सांगाडे म्हणून विकायचे आहे. त्याला मी नाही म्हणालो. ही म्हणाली, ‘अहो, एकदा विकली की तिचे काय होते, हे आपण कुठे बघायला जाणार?’ प्रश्न रास्त आहे. पण पाँटियाक हे नावच 2010 मध्ये बंद झाले, नव्या गाड्या येणार नाहीत. जी आपल्या हाती शाबूत राहिली, ती तुकडे करायला देणे मला जमणार नाही.

दुसरा टोलेडोचा आहे, पत्र्याचे काम स्वतः करतो. त्याने किंमत विचारण्याआधी चेसिसचे विचारले, ते मला आवडले. गंजाचे सगळे फोटो आज रात्रीच त्याला पाठवले आणि कळवले, की गाडी जॅकवर चढवून खालून पाहा, मग किमतीचे बोलू. उद्या तो ट्रेलर घेऊन येईल. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, आणि बिलाची प्रत एका पाकिटात घातली आहे. मागच्या चाकांत हवा भरायची तेवढी राहिली आहे.