दाबायच्या आधीचे पाच सेकंद

"गेला!" असं ऐकू येतं त्या क्लिपमध्ये. आवाज माझाच. आणि चित्रात बघावं तर काहीही गेलेलं नाही. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडतोय, सगळं अंग हलतंय पण डोकं हवेत खिळलेलं. मग पंख मिटून सरळ खाली. पाणी उडतं, तो वर येतो, चोचीत बोटाएवढी मासोळी. सगळं फ्रेममध्ये, सगळं फोकसमध्ये. आणि हे सगळं उरकल्यावर माझं ते "गेला!", वैतागून, चांगलं जोरात.

हे प्री-रेकॉर्डिंगचं काम. कॅमेरा मागचे तीन किंवा पाच सेकंद सतत आपल्या मेमरीत धरून ठेवतो, जुनं टाकतो, नवं घेतो. लाल बटण दाबलं की आधी ते सेकंद कार्डावर उतरतात आणि पुढचं रेकॉर्डिंग त्यांना जोडलं जातं. आवाजासकट. मी पाचवर ठेवलं होतं. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, कॅमेरा सुरू व्हायला आणखी थोडा, आणि खंड्याचा सूर सेकंदभरात संपतो. या हिशेबात आजवर हाती लागायचे ते पाण्यावरचे गोल तरंग. आज मासा लागला. खूश व्हायला हवं होतं.

झाले नाही. का, ते कळत नाही म्हणून लिहीत बसलेय.

नवा कॅमेरा व्हिडिओसाठी तपासायचा तर उजनीच्या पाण्यावर न्यावा, हे मत मी काही बदलणार नाही. पांढरे पक्षी, चकाकणारं पाणी, हलती नाव, वारा आणि अंतर, असे सगळे त्रास एकाच ठिकाणी मिळतात. हिवाळा सरताना धरणाचं पाणी उतरतं, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात, आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे चरायला येतात. पाणी तुडुंब असेल त्या वर्षी त्यांची वाट बघत बसायचं.

आधी सेटिंग लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससीवर होती, ती पॅलवर आणली. त्याशिवाय 25 आणि 50 फ्रेम दिसतच नाहीत. उन्हात याने फरक पडत नाही, पण आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, एनटीएससीवर राहून संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कोणाशी बोलताना चित्रीकरण केलं की लुकलुक दिसते.

शटरचा नियम सगळ्यांना पाठ असतो, एका फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं: 50 फ्रेमला 1/100 सेकंद, 25 ला 1/50. पाठ असतो आणि उन्हात मोडतो. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंगवायच्या फिकट चित्रात, काम करायचं तर माझ्या कॅमेऱ्यात आयएसओ 800 च्या खाली जाऊ देत नाहीत. रखरखीत उन्हात 800 ला एफ/16 वर 1/800 लागतो. मला हवं एफ/5.6 आणि 1/100. छिद्राचे तीन स्टॉप, शटरचे तीन, म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) अडवायचे: एनडी 64, लेन्सवर लावायची काळसर काच. छोट्या लेन्सला तो लावला की मोकळे. पण 150-600 मिलिमीटरच्या लांब लेन्सच्या तोंडावर 95 मिलिमीटरचा व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा, लावला की 600 ला पिसांची धार जाते. त्यात दोन पोलरायझर एकावर एक असतात आणि लांब लेन्स काचेतली प्रत्येक उणीव मोठी करून दाखवते. शिवाय तो फिरवाल तशी पाण्यावरची चमक कमीजास्त होते. जे प्रतिबिंब टिपायला आलो तेच पुसलं जातं.

म्हणून लांबच्या पक्ष्यांसाठी मी नियमच सोडला. लॉग बंद, साधा प्रोफाइल, आयएसओ 100, एफ/6.3, शटर 1/640. उडणारे थेंब सुटे सुटे दिसतात, आणि 50 फ्रेमचं चित्रण 25 वर अर्ध्या वेगाने चालवलं की हालचालीतला तुटकपणा डोळ्यात येत नाही. लॉग पहाटेसाठी राखून ठेवला, तोही 10-बिटमध्येच. 8-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 10-बिटमध्ये 1024. सूर्योदयाच्या आकाशात 8-बिट ओढून ताणून रंगवायला गेलं की पट्टे उमटतात, आणि ते मग काही केल्या जात नाहीत.

झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय, 95 वर. रोहितांच्या पाठीवर ते पट्टे दिसले की दोनतृतीयांश स्टॉप खाली. पांढरं पीस एकदा जळलं की त्यात परत काही भरता येत नाही. व्हाइट बॅलन्स 5600 ला बांधून टाकायचा. ऑटोवर ठेवला तर नाव वळून फ्रेममध्ये पाणी जास्त आलं की तोच पक्षी एका क्लिपमध्ये आधी गुलाबी आणि नंतर फिकट. इथले मोठे रोहित मुळात फार गुलाबी नसतातच, त्यात कॅमेऱ्याने आणखी गोंधळ घालायला नको.

हे सगळं मी ठरवलं. शटर माझं, आयएसओ माझा, फ्रेमही माझी. मग तो सूर कोणाचा? बोट तर नंतर हललं. धाकटीला क्लिप दाखवली तर ती पहिलं हेच म्हणाली, "म्हणजे तू दाबायच्या आधीच झालं होतं सगळं?" गमतीने म्हणाली. मला लागलं.

बरं, फोकसचं सांगायचं तर तिथेही तेच. पक्ष्याचा डोळा शोधणारी चौकट एवढी पटकन बसते की माझा अंगठा तिथे उगाच आहे असं वाटायला लागतं. चुकते ती ठरावीक जागी. रोहित चरताना डोकं उलटं करून पाण्यात घालतो, डोळा दिसेनासा होतो, मग चौकट पाठीवर, पायाच्या सांध्यावर, नाहीतर मागच्या पक्ष्यावर उडी मारते. डोकं वर आलं की परत. क्लिपमध्ये हे श्वास घेतल्यासारखं दिसतं, फार वाईट. उपाय दोन. ट्रॅकिंगची संवेदनशीलता उणे दोनवर, म्हणजे कोणी मध्ये आलं तरी फोकस धरून राहतो. आणि एका अंतरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेग कमी, म्हणजे सरकला तरी झटका नाही. शेकाट्यांच्या घोळक्यात किंवा पाणकणसाच्या आडून चित्रीकरण असेल तर पूर्ण फ्रेमवर भरवसा ठेवायचा नाही, लहान चौकोन निवडायचा. राखी बगळ्यासाठी तर सरळ मॅन्युअल. तो कुठे पळून जातोय.

चित्र मऊ दिसलं की लोक आधी कॅमेऱ्याला शिव्या घालतात, मग लेन्सला. नऊनंतर उजनीवर दोघांचाही दोष नसतो. तापलेल्या चिखलावर गरम-थंड हवेचे थर हलत राहतात आणि प्रकाश त्यातून वाकडातिकडा येतो. थंडीतल्या पहाटे याच्या उलट, पाणी उबदार आणि हवा गार, तरी लांबचं चित्र उकळतंच. खात्री करायची सोपी रीत आहे: त्याच लेन्सने वीस मीटरवरचा पक्षी घ्यावा आणि दोनशे मीटरवरचा घ्यावा. जवळचा धारदार आणि लांबचा लगदा, तर हवा. जवळचाही लगदा, तर मग दुकानात जा.

नावेत ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर पायांतून थेट वर येते. नाव चालवणारे तात्या इंजिन बंद करून बांबूने रेटत नेतात तेव्हाच काम. नावेच्या कडेवर बीनबॅग, त्यात ज्वारी, दोन-अडीच किलो. पोहे भरू नयेत, वजन नसतं. तांदूळ भिजला की फुगतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन स्थिर फ्रेमला उत्तम, पण उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना ते शेवटी मागे ओढतं आणि मग सुटतं, तो हिसका क्लिपमध्ये दिसतो. लेन्सचा पॅनिंगचा मोड लावला की बराच कमी होतो. डिजिटल स्टॅबिलायझेशन बंदच. फ्रेम कापतं आणि कडा जेलीसारख्या हलतात. रोलिंग शटर बघायला पाखरं नकोत, काठावरचे विजेचे खांब पुरे: कॅमेरा झपकन फिरवला की खांब तिरके होतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. माझ्यात होतात, पण सहन होण्याइतके.

आता आवाज. खरं तर रात्रभर मी याच्याभोवतीच फिरतेय.

कॅमेऱ्यातला माइक वाऱ्यात निकामी. वरचा शॉटगन, त्याला केसाळ टोपी, लो-कट (खालचा घरघराट कापणारा) चालू, पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास, ऑटो गेन बंद. ऑटोवर ठेवलं तर शांततेत तो आवाज स्वतःहून वाढवतो आणि फोकसच्या मोटरची कुरकुर ऐकवतो. एवढं सगळं नीट केलं होतं. म्हणूनच "गेला!" इतकं स्वच्छ आलंय.

प्री-रेकॉर्डिंग चालू असलं की प्रत्येक क्लिपच्या तोंडाशी असे पाच सेकंद येतात, ज्यात आपण रेकॉर्ड होतोय हे आपल्याला माहीत नसतं. ते ओळीने ऐकून पाहिले. एकीत माझा उसासा. एकीत बाटलीचं झाकण. एकीत "ह्याला काही उडायचं नाही आज", आणि पुढच्याच क्षणी तो उडतो. किती ही घाई आणि किती ती कुरकुर. पाण्यावर शांत बसणारी बाई असा माझा स्वतःविषयी समज होता, तो गेला. बाकी काय गेलं ते जाऊ दे.

मग खंड्याची क्लिप पुन्हा लावली, हेडफोन घालून. आणि "गेला!"च्या आधी, सूर लागण्याच्याही आधी, हळू आवाजात एक शब्द आहे: "आता." तात्यांचा. मला तेव्हा ऐकू आला नव्हता, मी व्ह्यूफाइंडरमध्ये खुपसलेली. चित्र मागे-पुढे करून पाहिलं. खंड्या एका उंचीवर फडफडतो, मग थोडा खाली उतरून पुन्हा थबकतो, आणि तिथून सूर घेतो. "आता" येतं ते तो खाली उतरून थबकला त्या क्षणी. म्हणजे पाच सेकंदांची मेमरी नसती तरी चाललं असतं, कान तेवढा मोकळा हवा होता.

हे ऐकून मला हसूच आलं. कॅमेऱ्याशी भांडत होते की हा सूर माझा की तुझा, आणि तात्यांनी तो दोघांच्याही आधी पाहून ठेवलेला. शिवाय "आता" म्हणून ते गप्प. माझ्या "गेला!"वर त्यांनी "येतोय परत, ताई" एवढंच म्हटलंय, तेही क्लिपमध्ये आहे. हे एवढे मायक्रोफोन, ही केसाळ टोपी, आणि सगळ्यात उपयोगाचा आवाज उणे 30 वर.

हिशेब केला तर गंमतच आहे. 4के 50 फ्रेम, 200 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 25 एमबी. मिनिटाला दीड जीबी. माझा प्रत्येक उसासा 125 एमबीचा. 128 जीबीच्या कार्डात ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं मावतात, त्यातली कितीतरी मिनिटं मी नुसती कुरकुरतेय.

त्या क्लिपचा आवाज काढून टाकावा लागेल. मोकळ्या पाण्याचा, लाटा आणि शेकाट्यांचा मिनिटभर आवाज वेगळा घेऊन ठेवलाय, तो खाली टाकते. प्रत्येक जागी असा मिनिटभर घ्यायलाच हवा. घेतला नाही तर संकलनाला बसल्यावर हात चोळायचे. 10-बिट 4:2:2 चं एच.265, म्हणजे या कॅमेऱ्याच्या जड फाइली, लॅपटॉपवर अडखळत चालतं, आधी 1080 च्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवून मगच कापाकापी. प्रॉक्सी होईपर्यंत चहा होतो.

प्री-रेकॉर्डिंग ठेवायचं. खंड्या आणि नदी सुरय यांच्यासाठी, म्हणजे जे सेकंदात उरकतात त्यांच्यासाठी, एका कस्टम मोडवर बांधून. रोहित आणि बगळ्यांना बंद. त्यांच्या बाबतीत घाई फक्त मला असते. बंद ठेवायला दुसरंही कारण आहे: ते चालू असलं की सेन्सर आणि प्रोसेसर न दाबताही राबत असतात, बॉडी तापते, बॅटरी भराभर उतरते. उन्हात वर पांढरा पंचा टाकला, स्क्रीन बॉडीपासून लांब उघडी ठेवली, त्याने तापमानाचं निशाण लांबलं. बॅटरी मात्र वाचली नाही. तिसरी घ्यावी लागणार, आणि कंपनीची मूळ बॅटरी कसल्या भावाने विकतात ते आता बघवत नाही.