परत मिळण्याआधी नावावर असावे लागते

निर्वासित आणि राज्यविहीन, म्हणजे कोणताच देश ज्याला आपला नागरिक मानत नाही तो, हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, परंतु घराच्या आणि जमिनीच्या हक्काचा प्रश्न आला की दोघांची अवस्था एकसारखी राहत नाही. निर्वासिताचे घर बहुधा मागे राहिलेले असते. राज्यविहीन माणसाला ते पुष्कळदा आपल्या नावावर करताच आलेले नसते. या विषयावरचे वाचन वाढत गेले तसा हा फरक मला अधिक बोचू लागला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्याने पहिल्या नुकसानीचा जेवढा विचार केला आहे, तेवढा दुसऱ्याचा केलेला नाही.

करारांच्या शब्दांत दोघेही समान आहेत. निर्वासितांविषयीचा १९५१चा करार आणि राज्यविहीन व्यक्तींविषयीचा १९५४चा करार यांची कलमे १३ आणि २१ जवळजवळ एकाच साच्यातली आहेत: मालमत्ता आणि निवारा यांबाबत शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी आणि ती त्याच परिस्थितीतील इतर परकीयांना मिळते त्याहून कमी नसावी. मात्र एखाद्या देशाने परकीयांना जमीन घेण्यास मनाईच केली असेल, तर या हमीतून हाती काहीच लागत नाही. सामान्य परकीयाला निदान स्वतःच्या देशात तरी जमीन घेता येते. राज्यविहीन माणसाला तसा देशच नसतो, म्हणून ही तुलना मला मुळातच अन्यायाची वाटते. लेबनॉनने तर २००१मध्ये कायदा बदलून, मान्यताप्राप्त देशाचे नागरिकत्व नसलेल्या व्यक्तींना स्थावर मालमत्ता संपादन करण्यास बंदी केली. कायद्यात तिथल्या पॅलेस्टिनी निर्वासितांचे नाव नव्हते, पण फटका त्यांनाच बसला.

निर्वासितांच्या बाबतीत काय साधता येते, हे बोस्नियाने दाखवले. तिथले युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने विस्थापितांना घरे परत मिळण्याचा हक्क दिला, तरी पहिली काही वर्षे फारसे घडले नाही. घरांत दुसरी विस्थापित कुटुंबे राहत होती आणि स्थानिक अधिकारी टाळाटाळ करत होते. १९९९नंतर कायदे एकसारखे झाले, दावे दाखल झालेल्या क्रमानेच निकाली काढण्याचा नियम आला, आणि दोन लाखांहून अधिक दाव्यांपैकी बहुसंख्य दावे काही वर्षांत मार्गी लागले. कोण कोणत्या समाजाचा आहे आणि परत येऊन राहणार की नाही, हे प्रश्न बाजूला ठेवून कोणाचे घर आहे एवढेच पाहिले गेले, यात त्या यशाचे मर्म आहे असे मला वाटते. पुढे विस्थापितांची घरे-जमिनी परत करण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००५च्या पिन्हेरो तत्त्वांनीही हेच मांडले की मालमत्ता परत मिळण्याचा हक्क स्वतंत्र आहे. माणूस प्रत्यक्ष परतला नाही तरी हा हक्क बाधित होत नाही.

या सगळ्या यंत्रणेचा आधार मात्र नोंद हाच आहे. सीरियाच्या हसाका प्रांतात १९६२मध्ये एका दिवसात केलेल्या जनगणनेनंतर सुमारे १ लाख २० हजार कुर्द वंशाच्या लोकांचे नागरिकत्व गेले आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही तीच अवस्था वारशाने मिळाली. घर किंवा जमीन स्वतःच्या नावे नोंदवता येत नसल्याने ती नागरिकत्व असलेल्या नातलगाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावावर ठेवावी लागे. २०११मध्ये त्यांच्यातील काहींना नागरिकत्व देणारा आदेश निघाला, पण तोवर देश युद्धाच्या तोंडाशी आला होता. अशा कुटुंबाने उद्या दावा करायचा तो कोणत्या कागदाच्या बळावर? त्याच देशातील २०१८चा कायदा क्रमांक १० पुनर्विकासासाठी घोषित झालेल्या भागातील मालकांना हक्काचा पुरावा द्यायला सुरुवातीला ३० दिवस देत होता. टीकेनंतर ही मुदत एक वर्ष झाली. ज्याचे नाव कधीच दप्तरात चढले नाही, त्याला वर्षही अपुरेच आहे. म्हणून प्रत्यक्ष वहिवाट, शेजाऱ्यांची साक्ष, वीज-पाण्याची जुनी बिले यांना पुराव्याचा दर्जा देणे ही सवलत मानली जाऊ नये. न्यायाची किमान अट म्हणूनच ती पाहिली पाहिजे.

नागरिकत्वाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, मग जमिनीचे पाहू, असे अनेकदा ऐकू येते. केनियातील नुबियन समाजाचा अनुभव याला उत्तर देतो. ब्रिटिशांच्या सैन्यात आणलेल्या सुदानी सैनिकांचे हे वंशज नैरोबीतील किबेरा या वस्तीत अनेक पिढ्या राहिले, तरी त्यांना उपरे मानले गेले. अखेर २०१७मध्ये तिथल्या २८८ एकर जमिनीची सामूहिक मालकीची सनद त्यांना मिळाली. त्यानंतरही त्यांच्या तरुणांना ओळखपत्रासाठी विशेष छाननीला सामोरे जावे लागत होते, पण ज्या जमिनीवर ते राहत होते ती त्यांची होती.