प्रपोजल सेक्रेटरीच्या हातात द्या, पण लिहा मीटिंगमधल्या काकांसाठी

सोसायट्यांना सोलरची प्रपोजल्स देणाऱ्या छोट्या व्हेंडर लोकांसाठी हे लिहितोय. पेंटिंगवाले, वॉटरप्रूफिंगवाले, लिफ्टच्या एएमसीवाले (म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेणारे) यांनी वाचलं तरी चालेल, कारण गिऱ्हाईक तेच आहे आणि अडतं पण तिथेच. माझं कामच अशी प्रपोजल्स नीट करून द्यायचं आहे, आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे आलेली प्रपोजल्स वाचायलाही मीच असतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघायला मिळतात.

तर मुद्दा असा की तुम्ही प्रपोजल ज्याच्या हातात देता त्याच्या एकट्याच्या हातात काहीच नसतं. सेक्रेटरी तुम्हाला गच्ची दाखवतो, चहा पाजतो, "पाठवून द्या, बघतो" म्हणतो. मग ते प्रपोजल कमिटीच्या मीटिंगमध्ये जातं, तिथून जनरल बॉडीत, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेत, कारण ठराविक रकमेच्या वरचा खर्च कमिटीला सभेच्या मंजुरीशिवाय करताच येत नाही. आणि त्या सभेत तुम्ही नसता. तिथे सेक्रेटरी एकटा उभा असतो, जो दिवसभर आपली नोकरी करून आलाय, ज्याला या कामाचा एक रुपया मिळत नाही, आणि किलोवॅट म्हणजे काय (सिस्टीमची ताकद), युनिट म्हणजे काय (तयार झालेली किंवा वापरलेली वीज) हे त्याला कोणी नीट समजावलेलंही नसतं. त्याच्यावर प्रश्न सुटतात तेव्हा उत्तरं तुमच्या कागदात सापडली पाहिजेत. माझ्या मते चांगलं प्रपोजल ओळखायची हीच खूण.

प्रश्न कुठले येतात ते सांगतो. सोलर म्हटलं की पहिला आवाज टॉप फ्लोरवाल्यांचा. "स्लॅबला भोकं पाडणार का? आत्ताच एवढा खर्च करून वॉटरप्रूफिंग केलंय, उद्या माझ्या बेडरूममध्ये पाणी गळलं तर कोण येणार?" हे विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात आणि त्यांचं बरोबरच असतं, घर त्यांचं भिजणार आहे. मग टाकीच्या सावलीचं काय, पावसाळ्यात काय उपयोग, सबसिडी कोणाच्या खात्यात येणार, आणि तुमची कंपनी पाच वर्षांनी असेल का. आता बहुतेक प्रपोजल्स उघडून बघा. पहिल्या पानावर उगवता सूर्य, दुसऱ्यावर व्हिजन आणि मिशन, तिसऱ्यावर सर्टिफिकेटं, मग इतर प्रोजेक्टचे फोटो, आणि शेवटी एका ओळीत रक्कम. काकांच्या प्रश्नाला उत्तर कुठेच नाही.

सुरुवात साधारण अशी असते: "आमची कंपनी सौरऊर्जा क्षेत्रातील अग्रगण्य व विश्वासार्ह कंपनी असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या नावाखाली चालेल, म्हणजे त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी मी हे लिहायला लावतो:

"आपल्या कॉमन मीटरची गेल्या १२ महिन्यांची बिलं आम्ही पाहिली. लिफ्ट, पाण्याचे पंप, पार्किंग आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला सरासरी २,३०० युनिट लागतात. त्याला २० किलोवॅटची सिस्टीम पुरते. त्यासाठी ए विंगच्या गच्चीवर, टाकीची सावली पडते तो भाग सोडून, साधारण २,००० चौरस फूट जागा लागेल. स्ट्रक्चर काँक्रीटच्या ब्लॉकवर उभं राहील, स्लॅबमध्ये ड्रिलिंग करणार नाही."

एवढं वाचल्यावर समोरच्याला कळतं की हा माणूस गच्चीवर चढला होता आणि त्याने आपली बिलं वाचलीत. तुमच्या अनुभवाचं पान नंतर येऊ द्या, कोणी अडवत नाही. आणि ड्रिलिंग न करता जमणार नसेल तर तसं लिहा, कुठे करणार, नंतर ते कसं सील करणार आणि गळतीची जबाबदारी किती वर्षं घेणार हे लिहा, लपवलं तर सभेत कोणीतरी विचारणारच.

हिशोब पूर्ण दाखवा. १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२०, म्हणजे २० किलोवॅटचे २,४००. सोसायटीत निदान एक इंजिनिअर आणि एक सीए असतोच आणि ते तिथल्या तिथे मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडतात, त्यांना आकडा कुठून आला ते दिसलं की निम्मं काम झालं. पण ही वर्षाची सरासरी आहे, उन्हाळ्यात जास्त मिळतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे बरंच कमी, हे स्पष्ट लिहा आणि जमलं तर बारा महिन्यांचं छोटं टेबल द्या. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बिल आलं की लोक सेक्रेटरीला धरतात आणि सेक्रेटरी तुम्हाला.

सबसिडीच्या बाबतीत तर मला खरंच कळकळीने सांगायचंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर ही केंद्राची गच्चीवरच्या सोलरची योजना आली तेव्हापासून ७८,००० रुपये सबसिडी हा आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय. तो वैयक्तिक घरासाठी आहे, ३ किलोवॅट आणि त्यापुढे जास्तीत जास्त तेवढे. सोसायटीच्या कॉमन वापराला हिशोब वेगळा, किलोवॅटमागे १८,०००, म्हणजे २० किलोवॅटला ३,६०,०००. आणि हे पैसे सिस्टीम बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) लागून, सगळं चालू झाल्यावर सोसायटीच्या खात्यात येतात. कित्येक प्रपोजल्समध्ये सबसिडी आधीच वजा करून खाली ठळक अक्षरात कमी झालेली रक्कम छापतात. सेक्रेटरी तीच सभेत सांगतो, ठराव तेवढ्याचा होतो, आणि पेमेंटच्या वेळी साडेतीन लाख कुठून आणायचे म्हणून ट्रेझरर डोक्याला हात लावतो. आधी पूर्ण रक्कम, खाली वेगळ्या ओळीत "नंतर मिळणारी सबसिडी", एवढं केलं तरी पुढची भांडणं वाचतात. सबसिडी हवी तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात आणि पाच वर्षं मेंटेनन्स व्हेंडरनेच करायचा असतो, हेही तिथेच लिहा, कारण "कंपनी पाच वर्षांनी असेल का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

जीएसटी पण बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झाला. सामान ७० टक्के आणि सर्व्हिस ३० टक्के धरून पूर्ण कामावर आधी १३.८ टक्के पडायचा तो आता ८.९ पडतो. तरीही जुनी फाईल उघडून फक्त सोसायटीचं नाव बदलून पाठवलेली प्रपोजल्स येतात आणि सीए साहेब तिथेच बोट ठेवतात, मग बाकी सगळं बरोबर असलं तरी विश्वास गेलेला असतो.

तीन कोटेशन मागवली जाणार हे गृहीत धरा. व्हेंडर लोकांना तुलनेची भीती वाटते म्हणून ते एकच ठोक रक्कम देतात, मला हे अजिबात पटत नाही. पॅनेल कुठले आणि किती वॅटचे, इन्व्हर्टर कुठला, स्ट्रक्चरची उंची किती, केबल, अर्थिंग, महावितरणची फी, लेबर, सगळं वेगवेगळं लिहा. तुलनेचा तक्ता सेक्रेटरी रात्री जागून एक्सेलमध्ये बनवत असतो, त्याच्या रकान्यात भरता येईल असं तुम्ही दिलंत तर तुमचं कोटेशन महाग असलं तरी का महाग आहे ते तरी दिसतं. आणि काय धरलेलं नाही तेही लिहा. टाकीचा पाईप हलवायचा असेल किंवा मंजूर भार (वीज कंपनीने कनेक्शनला ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा) कमी पडतोय म्हणून वाढवून घ्यायचा असेल तर तो खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेलं बरं.

पेमेंटचं थोडक्यात. सोसायटी ॲडव्हान्सला घाबरते, तुम्ही उधारीला. शेवटचे १० टक्के नेट मीटर लागल्यावर, असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर ॲडव्हान्सचं बोलणं फार सोपं होतं.

व्हॅलिडिटी, म्हणजे हा भाव किती दिवस चालेल ती मुदत, मात्र विसरू नका, पॅनेलचे भाव हलत असतात. आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि अजून तोच चालतो. त्यात मुदत दिली असेल तर ती संपली की प्रपोजल आपोआप संपतं, आणि होकार यायचा तर तो बिनशर्त यावा लागतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर "ठराव झाला, पण अजून ५ टक्के कमी करा" आलं तर तो होकार नाही, तो त्यांचा नवा प्रस्ताव आहे. असा मेसेज आला म्हणून माल उचलायला धावू नका, बदललेल्या रकमेचं एक पान दोन्ही बाजूंच्या सह्यांचं करून घ्या.

वेळ कधीची साधायची? सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस १४ दिवस आधी निघते, आणि त्याआधी कमिटीला तीन कोटेशन बघायची असतात. म्हणजे तुमचा कागद जुलै संपायच्या आत पोचलेला हवा. सप्टेंबरच्या मध्यात पाठवलेलं प्रपोजल कितीही सुंदर असलं तरी विषयपत्रिकेत नसतं.

आणि सोबत एक पान मराठीत द्याच. मूळ प्रपोजल इंग्रजीत असलं तर असू दे, पण सभेला वेळेवर येऊन शेवटपर्यंत बसणारी मंडळी बरीचशी ज्येष्ठ असतात आणि त्यांना मराठीत वाचलेलं पटकन पटतं. किती खर्च, महिन्याला किती वाचणार, गच्चीला काय होणार, सबसिडी कधी, तक्रार आली तर कोणाला फोन, बस. मोठ्या अक्षरात, फोटोसारखं ग्रुपवर टाकता येईल असं, म्हणजे सेक्रेटरीने ते आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की काकांचं उत्तर सभेच्या आधीच घरी पोचलेलं असतं. फाईलच्या नावात सोसायटीचं नाव आणि तारीख ठेवा, "फायनल न्यू ३" नावाची पीडीएफ सभेत ऐनवेळी कोणालाच सापडत नाही.