चौथा आकडा

तीन आकडे ती सहज उलटे सांगते. सात, दोन, नऊ ऐकलं की लगेच नऊ, दोन, सात. चौथा आला की मात्र हात आपोआप टेबलाच्या कडेवर जातो. एकेका आकड्यासाठी एकेक बोट तिथे दाबून धरते, सोडलं तर आकडा घरंगळून जाईल अशा बेताने, आणि मग शेवटच्या बोटापासून एकेक उचलत जाते. ही युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही.

लेक आता दहा वर्षांची आहे. सहाव्या वर्षी तिच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ सापडली. ऑपरेशन, मग डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन, मग किमो. स्कॅन स्वच्छ आला तेव्हा वाटलं, सुटलो. दोन वर्षांनी वहीत शेरा आला, ‘लक्ष देत नाही. काम अपुरं.’ ऑपरेशनच्या दिवशीही रडले नव्हते इतकी त्या दिवशी रडले. कारण घरात तिच्या मागे ‘आटप, आटप’ करणारी मीच होते.

न्यूरोसायकॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूच्या इजेचा लक्ष-स्मृतीवर काय परिणाम झाला हे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, चाचण्या घेतल्या आणि उलगडून सांगितलं. रेडिएशन गाठीला मारतं, पण वाढत्या मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यालाही इजा करतं. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या या तारा. निरोप पोचतो, पण उशिरा. वय जितकं लहान आणि डोस जितका जास्त, तितका धोका मोठा. बहुतेकदा मूल शिकलेलं विसरत नाही, नवं शिकण्याचा वेग मंदावतो. बरोबरीची मुलं पुढे जात राहतात आणि अंतर वर्षागणिक वाढतं. हे मला उपचार चालू असतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांनीच ऑनलाइन सराव सुचवला, कॉगमेड नावाचा. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनातून तो आला. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही त्यांनी दाखवला. मेंदूतली गाठ किंवा रक्ताचा कर्करोग यातून वाचलेल्या ६८ मुलांपैकी निम्म्यांना घरी बसून करायला २५ सत्रं दिली, सोबत दर आठवड्याला प्रशिक्षकाचा फोन. कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करायची ताकद, आणि लक्ष, या दोन्हींत ती मुलं सराव अजून सुरू न केलेल्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली.

कागदावर हे सोपं दिसतं. पडद्यावर चौकटी उजळतात, त्याच क्रमाने दाबायच्या. बरोबर आलं की पुढचं अवघड, चुकलं की सोपं. म्हणजे मूल सतत आपल्या क्षमतेच्या टोकाला उभं. बाराव्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला. ‘आई, हे मला फक्त माझं चुकलेलंच दाखवतं.’

मी काही बोलले नाही, जवळ बसून राहिले. त्या आठवड्याच्या फोनवर प्रशिक्षक म्हणाल्या, शाळेनंतर नको, थकलेल्या मेंदूकडून हे होणार नाही. सकाळी करा, मध्ये थांबून दोन तुकड्यांत करा. तसं केलं आणि पंचविसावं सत्र पार पडलं. आई-बाबांनो, मुलाला लॅपटॉप देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. शेजारी बसा.

गणिताचे गुण आहेत तिथेच आहेत, आणि ते वाढतील असं वचन मला कुणी दिलंही नव्हतं. पण ‘बूट जागेवर ठेव, दप्तर आत ने, हात धू’ हे आता ती एका दमात ऐकून तिन्ही करते. पूर्वी दप्तरापाशीच थांबून माझ्याकडे बघायची. यात सरावाचा वाटा किती आणि वाढत्या वयाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शाळेकडे मात्र अहवाल घेऊन गेलेच. परीक्षेत जास्त वेळ, फळ्यावरचं छापून मिळावं, सूचना एका वेळी एकच. सरावाने तिचा वेग थोडा वाढेलही, पण वर्गाने तिची वाट बघायलाच हवी. जास्तीचा वेळ मिळाला आहे. छापील टिपणांचं अजून अडलंय, सोमवारी पुन्हा जाणार आहे.

काल ती पाच आकड्यांपर्यंत पोचली. पाचव्यासाठी अंगठा वापरला.