एनए ते एनडी: राइड आणि आवाज, नोंद सहावी

मंडळी, मागच्या नोंदीत मी एक वाक्य ठासून लिहिलं होतं: माझदाच्या एमएक्स-5 ची, म्हणजे त्या दोन सीटच्या, छत उघडणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स कारची राइड पिढीगणिक मऊ होत गेली आणि आवाज पिढीगणिक फिका होत गेला. ते वाक्य आज मागे घेतोय. चाचणी प्रामाणिक होती, पण मी पिढ्यांची तुलना करतोय असं समजून प्रत्यक्षात वयाची तुलना करत होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एनए, एनबी, एनसी, एनडी ही एमएक्स-5 च्या चार पिढ्यांची नावं. गाड्या चार: माझी 1.6 लिटर इंजिनची एनए (ही पिढी 1989 ची), मित्रांच्या एनबी (1998) आणि एनसी (2005), आणि 2.0 इंजिनची एनडी (2015). रस्ता एकच, त्यावर काँक्रीटचे सांधे, एक गतिरोधक आणि शेवटी लांब लाटांसारखा उंचसखल पट्टा. वेग ठरलेला, चालक मीच. फोन सीटच्या रुळाला घट्ट बांधलेला, म्हणजे कंपनं सीटच्या फोममधून गाळून येत नाहीत. आवाजासाठी माइक सायलेन्सरच्या तोंडापासून 50 सेंमी अंतरावर, 45 अंशांत, आणि दुसरा माझ्या उजव्या कानाशेजारी.

पहिली चूक हवेची निघाली. एनएच्या दारावरच्या स्टिकरवर 26 पीएसआय लिहिलंय. मी सवयीने 32 भरत आलो होतो. एवढ्या हलक्या गाडीत सहा पीएसआय म्हणजे टायरचा कडकपणाच बदलतो. एनडीला 29 सांगितलेत आणि तिच्या मालकाने तेवढेच ठेवले होते. म्हणजे एक गाडी कंपनीने सांगितल्याप्रमाणे आणि दुसरी माझ्या सवयीप्रमाणे, अशी ती शर्यत चालली होती.

दुसरी गोष्ट मागचे शॉकअप उतरवल्यावर कळली. डस्ट कव्हर वर सरकवलं तर आतून पिवळट तपकिरी भुगा सांडला, ओल्या भुशासारखा. तो बम्पस्टॉप होता, म्हणजे एके काळी होता. दांड्यावर त्याचं जेमतेम एक कडं उरलं होतं, बोटाने दाबलं तर तेही चुरलं. एनएच्या सस्पेन्शनला वरच्या बाजूला प्रवास फार कमी आहे. त्यामुळे बम्पस्टॉप ही फक्त शेवटच्या क्षणी वाचवणारी गादी नसून स्प्रिंगचाच भाग आहे. साध्या खड्ड्यातही गाडी त्यावर टेकते, आणि तो फोम हळूहळू दबत धक्का गोल करतो. फोम गेला की शॉकअप थेट धातूवर आदळतो. दोन वर्षं मी ज्याला ‘जुन्या गाडीचा कडकपणा’ म्हणत होतो तो दणका हाच. स्प्रिंग बिचाऱ्या मऊच होत्या.

मग एकदाच सगळं रबर काढलं. बम्पस्टॉप, शॉकअपचे वरचे माउंट, विशबोनचे (चाक धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांचे) बुश, म्हणजे त्यांच्या जोडणीतले रबरी तुकडे. बुश बदलणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. मूळ बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना आवळलंत तर गाडी खाली टेकताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. तो पीळ स्प्रिंगमध्ये भर घालतो आणि रबर लवकर फाटतं. चारही चाकांवर वजन देऊन, गाडी दोन-तीनदा दाबून बसवून, मगच आवळा. खाली हात घालायला जागा मिळत नाही हे मान्य, पण चाकांखाली जाड फळ्या ठेवल्या की जमतं.

आता नवी फेरी. हवा प्रत्येक गाडीच्या स्टिकरप्रमाणे. एनबीला मालकाने कॉइलओव्हर (बाजारातले स्प्रिंग-शॉकअपचे संच) बसवलेत, म्हणून राइडच्या बाबतीत तिला बाजूला ठेवलं. ती गाडी मला फार आवडते, पण तिच्यावरून एनबी पिढीबद्दल काही बोलणं अन्यायाचं होईल.

गतिरोधकावर एनए अक्षरशः वेगळी गाडी वाटली. आधी ‘धाड’ व्हायचं, आता एक बुटका ‘ढुप’ आणि संपलं. सांध्यांवर तर ती एनसीपेक्षा मऊ आहे, आणि याचं कारण टायरवर छापलेलंच आहे. एनएचा टायर 185/60 आर 14, म्हणजे बगलेची उंची 185 मिमी रुंदीच्या 60 टक्के, 111 मिमी. 17 इंची चाकांच्या एनसी आणि एनडीला 205/45, म्हणजे जेमतेम 92 मिमी. बारीक धारदार कडा स्प्रिंगपर्यंत पोचण्याआधी टायरनेच गिळायची असते, आणि त्या कामाला एनएकडे जवळपास दोन सेंमी रबर जास्त आहे. 16 इंचांवर 195/50 घातलेली एनडी मिळाली तर साडेसत्त्याण्णव मिमी मिळतील. ती फेरी मला मनापासून करायची आहे, कुणाकडे अशी चाकं असतील तर जरूर कळवा.

मग पिढीचा खरा फरक कुठे दिसला? आरशात. सांधा ओलांडल्यावर एनएचा आतला आरसा थरथरत राहतो, मागच्या गाडीचे दिवे दुहेरी दिसतात. सस्पेन्शनने आपलं काम संपवलेलं असतं, पण छत नसलेलं धड पुढच्या काचेच्या चौकटीपाशी वळवळत राहतं. हे बुश बदलून जात नाही. एनसीमध्ये ती थरथर जवळजवळ नाहीशी होते आणि एनडीत वजन पुन्हा खाली आणूनही परतत नाही. शरीराला 4 ते 8 हर्ट्झची उभी कंपनं सर्वांत जास्त टोचतात. बुश बदलल्यापासून फोनच्या आलेखात एनएचा मोठा उंचवटा या पट्ट्यातून उतरलाय. उरलाय तो त्याच्या वरच्या पट्ट्यातला, थरथरीचा. तो कंबरेला कळत नाही, डोळ्यांना आणि स्टिअरिंगवरच्या तळहातांना कळतो.

लांब लाटांच्या पट्ट्यावर एनडी हेलकावे खाते. स्प्रिंग मऊ, वळणावर झुकणं भरपूर. मला ते झुकणं आवडतं, गाडी काय करतेय ते आधी सांगते. मालकाला आवडत नाही. 2022 च्या सुमारास आलेल्या केपीसी (कायनेमॅटिक पोश्चर कंट्रोल) या यंत्रणेत वळणात आतल्या मागच्या चाकाला हलका ब्रेक लावून धड खाली ओढलं जातं. ही गाडी त्याआधीची आहे. माझा क्रम आज असा: आरामात एनडी पहिली, दुरुस्त एनए दुसरी, एनसी तिसरी. दोन महिन्यांपूर्वी एनए शेवटची होती.

आता आवाज. इथे मला जास्त वेळ लागला आणि जास्त आनंदही झाला.

माझ्या एनएवर गेली काही वर्षं बाजारातला मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आहे. ‘जुन्या गाडीचा खरा आवाज’ म्हणून मी तोच सगळ्यांना ऐकवत आलो. या वेळी माळ्यावरून मूळ सायलेन्सर काढला आणि एक दिवस चढवला. आयडलला सुटी सुटी गुरगुर, चार हजारांच्या वर किंचित खरखरीत, स्वच्छ सूर. हा आवाज इंजिनिअरांनी मुद्दाम बसून घडवलाय हे ऐकताक्षणी कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे आत बसल्यावर तो घुमत नाही.

घुमण्याचं गणित सोपं आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट. एनए पाचव्या गिअरमध्ये 100 किमी वेगाला साधारण 3200 आरपीएमवर फिरते, म्हणजे सेकंदाला सुमारे 107 स्फोट, 107 हर्ट्झचा खर्ज. बंद छताखालच्या त्या छोट्या पेटीला हा सूर फार मानवतो. एनडी 2.0 चा सहावा गिअर थेट (1:1) आहे, त्याच वेगाला ती 2500 च्या आसपास असते, सूर 83 च्या घरात उतरतो आणि जोरही कमी असतो. महामार्गावरची एनडीची शांतता निम्मी सायलेन्सरची आणि निम्मी गिअर-रेशोची आहे.

मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने मला बराच काळ फसवलं. बाजारातल्या सायलेन्सरसह एनए आणि एनडीच्या आकड्यांत नावापुरता फरक दिसायचा, आणि डोकं मात्र एनएमध्येच दुखायचं. कारण अ‍ॅप ‘ए’ भारांकन वापरतं, आणि त्यात 100 हर्ट्झचा आवाज 19 डेसिबलने कमी मोजला जातो. घुमणं नेमकं तिथेच असतं. खर्ज फारसा न कापणाऱ्या ‘सी’ भारांकनावर टाकलं की दोन्ही गाड्या लगेच वेगळ्या दिसू लागतात. तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ही एक सेटिंग बदलून पाहावीच.

एनसीचं वेगळंच. फेसलिफ्टनंतर तिला इंडक्शन साउंड एन्हान्सर मिळाला, हवा ओढण्याची स्पंदनं केबिनपर्यंत आणणारी नळी. त्यामुळे तिचा आवाज समोरून, पायांच्या दिशेने येतो. बाहेरच्या माइकवर ती सौम्य आहे आणि आत पाच हजारांना घोगरी, भरलेली. मला हे खोटं वाटत नाही. इंजिनच श्वास घेतंय, आपल्याला फक्त जवळून ऐकू येतंय. 2011 च्या बीएमडब्ल्यू एम5 सारखा स्पीकरमधून सोडलेला सूर मात्र मला अजून पचत नाही.

‘नव्या गाड्या मुक्या झाल्या’ या तक्रारीला नियमांचाही आधार आहे. 2016 पासून लागू झालेल्या यूएन आर51.03 या वाहनांच्या आवाजाच्या आंतरराष्ट्रीय नियमात रस्त्यावरून जाताना होणाऱ्या आवाजाची मर्यादा तीन टप्प्यांत खाली येते. साध्या कारसाठी 72, 70, 68 डेसिबल. ताकदीच्या मानाने अगदी हलक्या आणि बुटक्या गाड्यांना 75, 74, 72. म्हणून एनडीला मोकळं सोडता येत नाही. तरी थंड स्टार्टला छत उघडं ठेवून ऐका, त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ती तीन पिढ्यांपूर्वीच्या बहिणीसारखी बोलते.

आता या महिन्याचं हातकाम. मला बाजारातल्या सायलेन्सरचा वरचा सूर हवा आहे आणि 107 चा घुमारा नको आहे. उपाय म्हणजे बाजूची बंद नळी, जे-पाइप. तिची लांबी नको असलेल्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथाई ठेवायची, म्हणजे लाट आत जाऊन उलटी परत येते आणि मूळ लाटेला खोडते. मी ध्वनीचा वेग 343 मीटर धरला, 80 सेंमी नळी कापली, टाके मारले. चालवून पाहिलं तर 3200 ला घुमणं होतं तसंच, आणि शांत पट्टा निघाला 3750 ला. तापमान विसरलो होतो. गरम वायूत आवाज वेगाने धावतो. 3750 म्हणजे 125 हर्ट्झ, त्याला चार आणि 0.80 ने गुणलं की 400 मीटर, म्हणजे नळीतला वायू साधारण सव्वाशे अंशांवर. त्या वेगाने 107 साठी 93 ते 94 सेंमी हवेत.

आता नळी 96 ची आहे, वळवून सायलेन्सरच्या कडेने मागे घेतली आहे. टोकाचं बूच अजून वेल्ड केलेलं नाही, क्लॅम्पवर सरकतं ठेवलंय. शनिवारी पहाटे एक-एक सेंमी आत सरकवत फेऱ्या मारणार आहे, माइक ‘सी’ वर. एनबीचे मूळ शॉकअप मालकाला गॅरेजच्या कोपऱ्यात सापडलेत, त्यांचे बम्पस्टॉप मी आधी बघणार आहे.